सुंदरीचे अंक, मायशाचं बीजगणित



गेल्या रविवारी पाठशाळेत सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मला गणित जमतच नाही." तिची आई हसून म्हणाली, "आमच्याकडे कुणालाच जमत नाही." मला काही हसू आलं नाही. आदिनाथ भगवंतांनी उजव्या हाताने ब्राह्मीला लिपी आणि डाव्या हाताने सुंदरीला अंक शिकवले, ही गोष्ट तिथेच तर आपण मुलांना सांगतो!

अशीच एका बापलेकीची गोष्ट अमेरिकेतली. रॉबर्ट मोझेस हे गणिताचे शिक्षक. 1961 मध्ये ते मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची नावं मतदार यादीत घालायला गेले. नाव नोंदवायला आलेल्याला तिथे राज्यघटनेतलं एखादं कलम देऊन त्याचा अर्थ लिहायला लावत, आणि बरोबर की चूक ते गोरा अधिकारी ठरवी. आधी धड शाळा मिळू द्यायची नाही, मग अडाणी म्हणून मत नाकारायचं! मोझेस यांनी त्यापायी मार खाल्ला, तुरुंगही पाहिला.

1982 मध्ये बोस्टनजवळच्या केंब्रिज शहरात त्यांची मुलगी मायशा आठवीत होती. वर्गात बीजगणित नव्हतं, आणि घरी वडिलांकडे वेगळं गणित करायला ती तयार नव्हती. (मुली सगळीकडे सारख्याच.) शेवटी बाईंनीच मोझेसना वर्गात बोलावलं. तिथे त्यांना दिसलं, की गरीब आणि कृष्णवर्णीय मुलं खालच्या गटांत अडकली आहेत. वेळेवर बीजगणित झालं नाही, की कॉलेजच्या गणिताची वाट बंद. म्हणजे मतदार यादीचाच प्रकार.

त्यातून 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' उभा राहिला. मुलांना ते मेट्रोत बसवत आणि मग प्रवासाचं चित्र काढायला लावत. एक स्टेशन शून्य धरायचं. एका दिशेची स्टेशनं अधिक, उलट दिशेची उणे. अंक 'किती' एवढंच सांगत नाही, 'कोणीकडे' तेही सांगतो, हे मुलांना फिरता फिरता कळे. मी बी.कॉम. झाले, जमा-नावे पाठ केलं, पण उणे अंक असा कुणी दाखवला नव्हता.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. 1996 मध्ये या प्रकल्पात शिकून मोठ्या झालेल्या तरुणांनी 'यंग पीपल्स प्रोजेक्ट' काढला. त्यात मोझेस यांची मुलंही होती. कॉलेजचे विद्यार्थी हायस्कूलच्या मुलांना तयार करतात, आणि ती मुलं धाकट्यांना खेळांतून गणित शिकवतात. त्याचं मानधनही मिळतं. शिकवणं हे काम आहे, हा हिशेब मला पटला. शिवाय चार वर्षांनी मोठ्या ताईला "कळलं नाही" म्हणायला लाज वाटत नाही. आणि समजावून सांगताना ताईचंही पक्कं होतं.

आपल्या पाठशाळेतही मोठ्या मुलीच लहानांकडून भक्तामर म्हणून घेतात. मग अपूर्णांकांनी काय घोडं मारलंय?

मी कॉलेजच्या दोन मुलींना विचारलं आहे. एक लगेच हो म्हणाली. दुसरी म्हणाली, "काकू, आधी मला परत बघावं लागेल." बघ म्हटलं. मागच्या खोलीत फळा आहे, खडू मी नेते. त्या आईलाही सांगून ठेवलंय, मुलीबरोबर तुम्हीही या.