'गावगाडा' आणि पिंपळे सौदागर

ग्रामीण साहित्याची चर्चा करताना 'खेडे' ही एक स्थिर पार्श्वभूमी असल्याचे आपण नकळत गृहीत धरतो. काळी आणि पांढरी, वेस, चावडी, पार, बारा बलुतेदार असे हे गाव जणू अनादी काळापासून अखंड नांदत होते आणि शहराने व यंत्राने ते मोडले. हे गृहीतक तपासावयाचे तर शंभर वर्षांपूर्वीची दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्हांस वाटते.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. बलुत्याची व्यवस्था त्यात तपशिलाने येते. सुताराने नांगर करावा, कुंभाराने मडकी द्यावीत आणि सुगीत कुणब्याने खळ्यावर धान्य मोजावे. मात्र हे वाटे सारखे नव्हते. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी होत्या. गाव परस्परांच्या गरजेवर उभे होते, तसेच जन्माने ठरलेल्या पायरीवरही. महार वतनाच्या नावाखाली घेतल्या जाणाऱ्या राबणुकीविरुद्ध डॉ. आंबेडकरांना १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडावे लागले, ते याच कारणाने.

दुसरे पुस्तक पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांचे. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या लहानशा गावाची त्यांनी केलेली पाहणी १९१७ साली प्रसिद्ध झाली. तेथील सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये ४० एकर होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आणि १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आली. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एकरापेक्षाही लहान होते. वाटणीत प्रत्येक भावाला चांगल्या आणि हलक्या अशा दोन्ही जमिनींत हिस्सा हवा असे. त्यामुळे न्याय्य वाटणीच शेती परवडेनाशी करीत होती. उरलेली तूट कर्जाने किंवा गावाबाहेरच्या मजुरीने भरून निघे.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे आणि तेथे उंच इमारती उभ्या आहेत. परंतु गाव तुटण्याची कथा त्या इमारतींपासून सुरू करणे इतिहासाला धरून होणार नाही. ती बांधाबांधावर, वाटणीपत्रांत आणि सावकाराच्या वहीत फार पूर्वीच सुरू झाली होती.

यावरून ग्रामीण साहित्यातील हळहळ खोटी ठरत नाही. मात्र एखाद्या कथेत हरवलेल्या गावाविषयीचा उमाळा भेटला, की ते गाव कोणत्या दशकातले, त्यात जमीन किती जणांत वाटली गेलेली आणि बोलणारा वेशीच्या कोणत्या बाजूचा, हे प्रश्न आपण विचारावयास हवेत. ते विचारले, तर खेडे पार्श्वभूमी न राहता कथेतले एक पात्र होते.