मृदू आरंभक

मृदू आरंभक : मोठ्या प्रवर्तन चलित्राला पूर्ण विद्युत् दाब एकदम न देता तो क्रमाक्रमाने वाढवीत नेणारे अर्धसंवाहक साधन. व्यवहारात त्याला सॉफ्ट स्टार्टर म्हणतात.

साक्री तालुक्यात (धुळे जिल्हा) पांझरा व कान नद्यांच्या काठी पाणीपुरवठ्याची जुनी व्यवस्था फडपद्धतीची. बंधाऱ्यामागचे पाणी पाटाने, केवळ उताराच्या बळावर, शेतात जाई. तीत यंत्राला काम नव्हते. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ १९६० मध्ये स्थापन झाल्यानंतर ग्रामीण विद्युतीकरणाचा विस्तार झाला, विहिरींवर विजेचे पंप बसले आणि चलित्र सुरू करणे ही शेतकऱ्याची रोजची बाब झाली. स्टार्टर हा शब्द तेव्हापासून बोलीत रुळला.

स्थिर चलित्राला पूर्ण दाब दिला की ते पूर्णभार प्रवाहाच्या सुमारे पाच ते आठपट प्रवाह खेचते. लांब वाहिनीच्या टोकाला त्यामुळे दाब घसरतो. चलित्राचे परिपीडन दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने दाब ७० टक्क्यांवर आला, तर परिपीडन निम्म्यावर येते. शेजारच्या विहिरीवरील चालू पंपही मंदावतो व तापतो. खंडित पुरवठा परत येताच स्वयंचलित स्विच लावलेले सारे पंप एकाच क्षणी सुरू होतात, तेव्हा भार सोसेनासा होऊन रोहित्रच जळण्याची भीती असते. ते बदलून मिळेपर्यंत उभे पीक वाट पाहत नाही.

दोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी पिंजरा घूर्णकाचे त्रिकला चलित्र १८८९ मध्ये बनविले, तेव्हापासूनच हा प्रश्न अभियंत्यांसमोर आहे. तारा-त्रिकोण म्हणजे स्टार-डेल्टा आरंभकाने वाहिनीतील प्रवाह एकतृतीयांश होतो, पण परिपीडनही तेवढेच उरते, आणि जोडणी बदलताना धक्का बसतोच. स्वयंरोहित्र व द्रव रोधक हे इतर उपाय अवजड होते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९५७ मध्ये थायरिस्टर तयार झाला आणि प्रत्येक अर्धचक्राचा हवा तेवढाच भाग चलित्राला देणे शक्य झाले. अमेरिकेच्या नासा संस्थेतील फ्रँक नोला यांना १९७७ मध्ये मिळालेले शक्तिगुणक-नियंत्रकाचे एकस्व या विकासातील महत्त्वाचा टप्पा होय.

भारतात मोठी चलित्रे ३.३, ६.६ किंवा ११ किलोव्होल्टवर चालतात. एकटा थायरिस्टर एवढा दाब सुरक्षितपणे सोसू शकत नाही. म्हणून अनेक थायरिस्टर एकसरीत जोडून दाब त्यांच्यात सारखा वाटला जाईल अशी व्यवस्था करतात. त्यांना उत्तेजित करणारे संकेत प्रकाशीय तंतूंमधून पाठवितात, त्यामुळे नियंत्रण-मंडल उच्च दाबापासून अलग राहते. चलित्राने पूर्ण वेग घेतला की निर्वात काँटॅक्टर मिटतो व थायरिस्टर बाजूला पडतात.

मृदू आरंभकामुळे चलित्राचा ताप वाचतो, ही समजूत मात्र खरी नाही. निम्म्या दाबाला परिपीडन चौथाईच राहते. भार जड असेल, तर चलित्र हलत नाही आणि जागच्या जागी तापते. आरंभ लांबला, तर घूर्णकातील उष्णता उलट वाढते. म्हणूनच रक्षणव्यवस्था हा या साधनाचा गाभा मानावा लागतो. अडकलेला घूर्णक ओळखणे, तासाभरातील आरंभांची संख्या मर्यादित ठेवणे आणि आधी साठलेल्या उष्णतेचा हिशेब ठेवणे ही तिची कामे. एखादी कला तुटणे, कलांचा क्रम उलटणे, भूदोष व निकामी झालेला थायरिस्टर यांवरही तिचे लक्ष असते. पंप कोरडा पडल्यास प्रवाह कमी होतो. त्यावरूनही चलित्र थांबविता येते.

थांबविण्याचा प्रश्न उपसा सिंचनात अधिक बिकट. वीज एकदम तोडली, तर लांब नळातील पाण्याचा स्तंभ उलटून जलाघात होतो व झडपा फुटू शकतात. दाब हळूहळू उतरविल्यास हा आघात सौम्य होतो. पण पुरवठाच अचानक गेला, तर आरंभक निरुपाय असतो, तेव्हा नळावरील उल्लोळ टाकीचाच आधार. धुळे जिल्ह्यातील सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजनेची पायाभरणी २०१९ मध्ये झाली. तापीचे पाणी वर उचलणाऱ्या अशा योजनांत हा विचार टाळता येत नाही.

साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ज्या पवनचक्कीत साधे प्रवर्तन जनित्र असते, तीत हेच तत्त्व उलट्या बाजूने वापरतात. वारा जनित्राला समकालिक वेगाजवळ आणतो, थायरिस्टर त्याला जालकाशी हळूच जोडतात आणि काही क्षणांत काँटॅक्टर मिटतो. येथील दाब बहुधा ६९० व्होल्ट, म्हणजे निम्न असतो. रोहित्राने तो वाढवून वीज वाहिनीत सोडली जाते.