हलक्याफुलक्या नाटकाचं वजन

डहाणू रोडहून मुंबईला नाटक पाहायला जाणं हे साठच्या दशकात दीड दिवसाचं काम होतं. लोकल विरारला संपायची. ती डहाणूपर्यंत यायला २०१३ साल उजाडावं लागलं. त्याआधी पॅसेंजर आणि शटल यांच्या वेळा सांभाळायच्या, दुपारचा प्रयोग गाठायचा, तिसरा अंक संपायच्या आत घड्याळाकडे बघायचं आणि गाडी चुकलीच तर फलाटावर रात्र काढायची. आमचे अब्बा स्टेशनजवळ शिवणकाम करत. वर्षाकाठी एखादं नाटक बघायचं हा त्यांचा नेम होता. जोडीला शेजारचे मास्तर. मास्तर शाळेत मराठी शिकवत, आणि बालगंधर्व म्हटलं की डोळे मिटून घेत.

हे दोघे १९६७ साली एका रविवारी दादरला जाऊन ‘लेकुरे उदंड जाहली’ पाहून आले. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण त्या नाटकावरून आमच्या दुकानात जो वाद झाला तो पुढे इतकी वर्षं चालला की मला तो ऐकतच मोठं व्हावं लागलं. आज त्या नाटकाविषयी आणि त्या वादाविषयी थोडं सांगतो.

नाटक वसंत कानेटकरांचं. १९६६ साली ते दि गोवा हिंदू असोसिएशननं रंगभूमीवर आणलं. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. मुख्य भूमिकांत श्रीकांत मोघे आणि दया डोंगरे. कानेटकर नाशिकच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत, रविकिरण मंडळातले कवी गिरीश हे त्यांचे वडील. १९६२ साली त्यांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आलं होतं, १९६४ साली ‘मत्स्यगंधा’. आणि ज्या १९६६ सालात ‘लेकुरे’ आलं त्याच सालात ‘अश्रूंची झाली फुले’सुद्धा आलं. म्हणजे एका डोळ्यात पाणी आणि दुसऱ्यात मिश्किली, असा तो वर्षभराचा हिशेब.

‘लेकुरे’ हे संगीत नाटक खरं, पण मास्तरांना अपेक्षित असलेलं नव्हे. संगीत नाटक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे १८८० च्या ‘शाकुंतला’पासूनची परंपरा उभी राहते. नटानं पुढे यायचं, पेटी-तबल्यानं जागा करून द्यायची, पद सुरू झालं की कथेनं बाजूला बसायचं. ‘वन्स मोअर’ आला की कथेनं आणखी थोडं बसायचं. इथं तसं नव्हतं. नवरा-बायको बोलता बोलता बोलणं तालात शिरतं, यमक जुळतं, चाल सापडते आणि कधी गाणं संपून पुन्हा बोलणं सुरू झालं हे कळतही नाही. इंग्रजीत ज्याला ‘म्युझिकल’ म्हणतात त्या जातीचं हे नाटक. ‘माय फेअर लेडी’ ज्यांनी पाहिला असेल त्यांना रेक्स हॅरिसन आठवेल. तो गवई नव्हता, गाणी सुरात बोलून दाखवायचा. त्यावरच त्यानं आधी रंगमंच आणि मग १९६४ चा चित्रपट मारून नेला. मोघ्यांचं काम मला त्या घराण्यातलं वाटतं. नक्कल म्हणत नाही, घराणं म्हणतो.

इंग्लंडमध्येही त्याच काळात अशा खेळकर संगीतिकांची चलती होती. १९६३ साली लंडनला ‘हाफ अ सिक्सपेन्स’ नावाची संगीतिका आली. एच. जी. वेल्सच्या ‘किप्स’ या कादंबरीवर बेतलेली. कापडाच्या दुकानातल्या उमेदवार पोराला अचानक घबाड मिळतं, तो मोठ्या लोकांत जातो आणि तिथं त्याचा जीव रमत नाही. १९६७ साली त्याचा चित्रपट झाला. टॉमी स्टील हाच दोन्हीकडे नायक. अलीकडे तो पाहिला. बँजो घेऊन उड्या मारणारा तो पोरगा बघून मला हसू आलं, आणि शिंप्याच्या घरात वाढल्यामुळे कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये झोपणारी ती उमेदवार मुलं बघून जरा गलबललंही. या चित्रपटाविषयीही लोकांचं एकमत नाही. कुणी म्हणतं मन प्रसन्न होतं, कुणी म्हणतं निव्वळ साखरपाणी. ब्रिटनमध्ये तो बरा चालला, अमेरिकेत आपटला. हलकंफुलकं असणं हा त्या गाण्यानाचण्याचा गुणही ठरतो आणि गुन्हाही. आमच्या दुकानातल्या वादाची सुरुवात नेमकी इथूनच झाली होती.

मास्तरांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही पदं नव्हेत, या टिवल्याबावल्या आहेत. राग कुठला, ताना कुठे, नटी बोलता बोलता गाते म्हणजे काय? ज्या अभिषेकींनी ‘मत्स्यगंधा’ला त्या चाली दिल्या त्यांनी इथं हे काय केलं? त्यात १९६७ च्या जुलैत बालगंधर्व गेले. मास्तरांच्या लेखी एक युग संपलं आणि त्याच्या जागी ही ‘टिवल्याबावली’ आली.

अब्बांचं उत्तर शिंप्याचं होतं. ते म्हणत, “मास्तर, शेरवानी शिवणाऱ्यालाच झबलं नीट शिवता येतं. झबल्यात चूक लपवायला जागा नसते.” या एका वाक्यात अभिषेकींचं सगळं मर्म आलंय असं मला वाटतं. अभिषेकी मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे. त्यांनी काही काळ मुंबई आकाशवाणीच्या कोकणी विभागात नोकरी केली. गाणं शिकले ते जगन्नाथबुवा पुरोहित आणि उस्ताद अजमत हुसेन खाँ यांच्यासारख्यांकडून. हे खाँसाहेब ‘दिलरंग’ या नावानं बंदिशी बांधत आणि उर्दूत शायरीही करत. गाण्यातला शब्द आधी कळला पाहिजे ही अभिषेकींची समज त्या सहवासातूनही आली असेल, असं माझ्यातल्या कवीला उगाच वाटत राहतं. त्यांनी नाट्यपदाची लांबी कमी केली, शब्दाला सुरावर बसवलं. लागोपाठच्या वर्षांत ‘ययाति आणि देवयानी’, ‘लेकुरे उदंड जाहली’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’ या तीन तऱ्हेच्या तीन नाटकांना संगीत देणारा माणूस टिवल्याबावल्या करत नसतो.

संगीताचा वाद इथवर. तो मिटण्यासारखा होता, आणि मिटलाही. मास्तर दोन-तीन वर्षांत त्यातली एक चाल गुणगुणताना पकडले गेले. खरा वाद दुसराच होता आणि तो घरात झाला.

नाटकाचं नाव समर्थ रामदासांच्या दासबोधातलं. तिसऱ्या दशकात प्रपंचाचं वर्णन आहे, तिथं पोरं वाढत जातात आणि घरातली लक्ष्मी काढता पाय घेते. कानेटकरांनी नाव तिथून उचललं आणि गोष्ट उलटी सांगितली: लग्नाला वर्षं उलटली तरी मूल नाही अशा जोडप्याची. त्या दशकातला प्रेक्षक हे नाव वाचून थिएटरबाहेरच हसत असणार. कारण भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण यायचे ते दिवस. १९५२ पासून सरकारी कुटुंबनियोजन सुरू झालेलं, साठीत त्याचा गाजावाजा वाढलेला, आणि ‘दोन किंवा तीन’ची घोषणा रेडिओवर. सगळा देश मुलं कमी करायच्या मागे लागलेला असताना मुलासाठी झुरणारी दोन माणसं रंगमंचावर गात होती.

अब्बा नाटकाची गोष्ट सांगत होते तेव्हा आमची फुफी भाकऱ्या थापत होती. फुफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. तिला मूल झालं नाही, म्हणून तिच्या नवऱ्यानं दुसरी केली आणि ती परत आमच्याकडे आली. ती जन्मभर आमच्याकडेच राहिली. अब्बा रंगात येऊन सांगत होते, मास्तर मध्ये मध्ये नाकं मुरडत होते. फुफीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मूल नाही यात हसण्यासारखं काय आहे रे?”

अब्बा गप्प झाले. मास्तरही.

नंतर कधीतरी कापड टाकायला आलेल्या, चिकूच्या वाडीवर मजुरी करणाऱ्या एका वारली बाईला अब्बांनी गमतीनं नाटकाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, “उदंड झाली, पण जगली किती?” तिची चार गेली होती. आमच्या डहाणू-तलासरीकडे तेव्हा हा प्रश्न कुणाही बाईच्या तोंडी शोभला असता. दादरच्या प्रेक्षागृहात तो कुणाला सुचण्यासारखा नव्हता, आणि त्यात त्या प्रेक्षकांचा दोषही नाही.

माझी पाळी आली ती बी. ए.ला असताना. मराठी विषय घेतला होता. वर्गात या नाटकाचं नाव निघालं तेव्हा मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “हे तर याच्याकडचं नाटक!” सगळे हसले. मीही हसलो, हसावं लागतं. आम्ही भावंडं दोनच, हे सांगायला मी उभा राहिलो नाही. खरं तर १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं त्याचा कायदा झाला नाही. पण अफवांना संमती लागत नाही. त्या वर्षी अब्बांनी काही दिवस दुकान बंद ठेवलं होतं, दोन मुलांचा बाप असून. तेव्हा मी लहान होतो, मला सुट्टी असल्यासारखं वाटलं. दहा वर्षांपूर्वी ज्या नावावर लोक नुसते हसले होते, त्या नावात आता भीती शिरली होती. नाटकाचा शब्दही बदलला नव्हता.

मग मी ग्रंथालयातून ते नाटक आणून वाचलं. वाचताना मला फुफीचा प्रश्न सतत कानाशी होता, आणि तरीही मी हसलो. याची मला तेव्हा लाज वाटली. आता वाटत नाही. त्या नवरा-बायकोचं एकमेकांवर इतकं प्रेम आहे की त्यांची थट्टा आधी तेच करून घेतात, बाहेरच्यांना फारसं शिल्लक ठेवत नाहीत. फुफीच्या नवऱ्यानं तिच्यासोबत असं एक गाणं म्हटलं असतं तर? कानेटकरांनी वांझपणाचा सगळा ठपका बाईच्या कपाळी मारून रडारड मांडली असती तर ते त्या काळच्या रिवाजाला धरूनच झालं असतं. त्यांनी दोघांना एकाच सुरात गायला लावलं. माझ्या मते १९६६ साली ही गोष्ट सोपी नव्हती, आणि ती गाण्यात घातल्यामुळेच कुणाच्या डोळ्यावर आली नाही. नाटकाचा उत्तरार्ध मला जरा बेतलेला वाटतो, तेही सांगून टाकतो.

या जातीची नाटकं मराठीत फार झाली नाहीत. ‘घाशीराम कोतवाल’ किंवा पु. ल. देशपांड्यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ यांत गाणं आहे, नाच आहे, पण ती दाहक नाटकं. सहज, हसत, घरगुती गोष्ट गात सांगणाऱ्या नाटकाला नट असा लागतो की ज्याला अभिनय येतो, ताल कळतो आणि आपण फार मोठे गवई आहोत असं वाटत नाही. असे मोघे रोज मिळत नाहीत. पुढे प्रशांत दामले यांनी हे नाटक केलं. बायकोला घेऊन मी ते बोरिवलीला पाहिलं. प्रेक्षागृह हसून हसून लोळत होतं. आमच्या पुढच्या रांगेत एक जोडपं होतं, चाळिशीचं. बाई अजिबात हसत नव्हती, पण मध्यंतरानंतर निघूनही गेली नाही. मी नाटकापेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होतो, असं बायकोनं परतीच्या गाडीत सुनावलं.

एक गोष्ट जाता जाता. ज्या गोवा हिंदू असोसिएशननं हे नाटक आणलं, तिनंच पुढे गोव्यात फोंड्याजवळ बांदोड्याला ‘स्नेहमंदिर’ हा वृद्धाश्रम उभा केला. संस्थेच्या कला विभागाचे रामकृष्ण नायक त्यात गुंतले. तिथं राहणाऱ्यांत मुलं नसलेले असतात, आणि असलेलेही.

फुफीनं नाटक कधीच पाहिलं नाही. एवढ्या लांब तिला कोण नेणार, आणि ती तरी कुठली यायला. पण अब्बांनी त्या प्रयोगाची जाहिरात वर्तमानपत्रातून कापून दुकानातल्या आरशाच्या कडेला खोचली होती. मोघे आणि दया डोंगरे, हसताहेत. झाडताना ती तो कागद काढायची, पुसायची आणि परत तिथेच लावायची. नाटकावर राग होता, पण कागद कधी फेकला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्याकडे टीव्ही आला. एका संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागला होता, दया डोंगरे खाष्ट सासू झालेल्या. सुनेला टोचून बोलताहेत, डोळे वटारताहेत. माझ्या पिढीला त्या तशाच ठाऊक. फुफी तोवर थकली होती, डोळ्यांना कमी दिसायचं. ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

“आरशावरची हीच ना रे?” तिनं अब्बांना विचारलं.

“हीच.”

“तेव्हा हिला मूल नव्हतं.”

“नाटकात नव्हतं, आपा.”

फुफीनं पडद्यावरच्या सुनेकडे पाहिलं, मग सासूकडे. “आता सून आलीय,” ती म्हणाली, “म्हणजे अल्लानं दिलं म्हणायचं हिला शेवटी.”