शिकलगारांच्या हातची जवारी

मैफल रंगून संपली म्हणजे आपण गवयाचे नाव घेत घरी येतो. तबलजीची आठवण निघते, पेटीवाल्याचीही निघते. परंतु ज्याने तंबोऱ्याच्या घोडीवर दोन दोन दिवस कानस फिरवून त्या लाकडी दांड्यातून झंकार जागा केला, त्याचे नाव कोणी पुसत नाही. इतिहासकारांनीही त्याची फारशी विचारपूस केलेली नाही. राजवाडे, लढाया आणि तह ह्यांच्या गर्दीत वाद्य दुरुस्त करणाऱ्याला कोठून जागा मिळणार? आणि तरीही महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास ह्या माणसावाचून पुरा होत नाही. दिवाळीच्या निवांत दिवसांत त्याची थोडी ओळख करून घ्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

आमचे धाड हे बुलढाणे जिल्ह्यातले, मराठवाड्याच्या शिवेलगतचे गाव. ह्या बाजूच्या खेड्यापाड्यांत संगीत नांदते ते प्रामुख्याने देवळात. हरिनाम सप्ताह बसला की वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. पहारे बदलतात, पण वीणा खाली टेकत नाही. अशा वीणेची खुंटी सैल झाली तर गावचा सुतार ती बसवून देतो. भोपळ्याला चीर गेली तर ती सांधण्याचीही युक्ती कोणाला तरी सुचते. परंतु तार छेडली असता आवाज मुका निघू लागला, तर मात्र सुताराचा इलाज चालत नाही. त्याला वेगळा वैद्य लागतो. अशा वैद्यांचे महाराष्ट्रातील सर्वांत नामांकित गाव कोणते म्हणाल, तर ते वऱ्हाडापासून पुष्कळ दूर, कृष्णाकाठच्या मुलखात आहे. ते म्हणजे मिरज.

मिरजेचा हा लौकिक गवयांच्या घरात जन्मला नाही. तो जन्मला शिकलगारांच्या घरात. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी ह्यांना धार व झिलई देणारा कारागीर. लढायांच्या काळात त्याच्या दाराशी गिऱ्हाईक उभे असे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि फौजा मोडल्या. पुढे १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने शस्त्रे काढून घेण्याचा सपाटा लावला आणि १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरविला. तलवार भिंतीवर गेली आणि तिला धार लावणाऱ्याच्या चुलीचा प्रश्न उभा राहिला.

मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. ह्या घराण्याला गाण्याची आवड होती आणि त्यामुळे गवई-बजवय्यांचा तेथे राबता असे. ते आपली वाद्ये बरोबर आणीत. लांबच्या प्रवासात वाद्य म्हणजे नाजूक जिन्नस. कधी खुंटी मोडे, कधी दांडी वाकडी होई, कधी भोपळा फुटे. परंपरा अशी सांगते, की सुमारे १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार ह्यांच्याकडे अशी वाद्ये दुरुस्तीस येऊ लागली. पोलाद पारखणारा हात लाकडाकडे वळला. दुसऱ्याचे वाद्य उघडून पाहता पाहता त्यांनी त्याची रचना मनात उतरविली आणि पुढे स्वतःच सतार व तंबोरा घडविण्यास आरंभ केला. त्यांच्या आप्तांनी आणि वंशजांनी ती विद्या वाढविली. शिकलगार हे आडनाव मागे पडून ‘सतारमेकर’ हे नाव पुढे आले आणि त्यांच्या गल्लीलाही तेच नाव चिकटले.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आधी दुरुस्ती आली, निर्मिती मागाहून आली. आपण समजतो की मोठा कारागीर तो, जो नवे घडवितो. मोडके सांधणारा दुय्यम. मिरजेचा इतिहास ह्याच्या उलट साक्ष देतो. जो मोडके वाद्य उघडतो, त्याला मागच्या कारागिराचे गुण आणि दोष दोन्ही दिसतात. शंभर वाद्यांची दुखणी पाहिलेल्या हातालाच निरोगी वाद्य कसे असावे हे उमगते.

आता ते वाद्य कसे सिद्ध होते ते पाहू. खालचा भोपळा म्हणजे आपल्या भाजीचा नव्हे. तो कडू भोपळा. मिरजेला तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भीमाकाठच्या शेतांतून. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. तबलीवर बसते ती घोडी, आणि घोडीवरून चार तारा जातात. ही घोडी माथ्यावर धारदार नसते. ती रुंद आणि किंचित उतरती असते. कंप पावणारी तार ह्या उतरणीला हलकेच टेकत आणि सुटत राहते, आणि त्यातून स्वरांचा तो झंकार उठतो. घोडी आणि तार ह्यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवून तो झंकार नेमक्या जागी आणावयाचा, ह्याचे नाव जवारी. सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनाही ह्या गोष्टीचे कुतूहल वाटले आणि १९२१ मध्ये त्यांनी तंबोरा व वीणा ह्यांच्या घोडीवर शास्त्रीय निबंध लिहिला. ज्या स्वरांश तारेतून निघू नयेत असे युरोपीय नियम सांगत होता, तेही ह्या घोडीमुळे ऐकू येतात, असे त्यांनी दाखविले. शिकलगारांना तो नियम ठाऊक नव्हता. त्यांच्या कानाला मात्र तो झंकार ठाऊक होता.

आजकाल लहान गावांतील मुलांच्या हातीही गिटार दिसते, म्हणून तिच्याशी तुलना करून पाहावी. गिटारची तार पडद्यापासून फार उंच राहिली तर बोटे दुखतात, फार खाली आली तर ती पडद्याला घासून खरखरते. ही खरखर म्हणजे दोष. गिटार दुरुस्त करणारा तिला शोधून घालवितो. तंबोऱ्यात मात्र तारेचे हेच टेकणे म्हणजे वाद्याचा प्राण. दुरुस्त करणारा ते जपतो, रेखतो, मोजून देतो. एका वाद्याचा रोग तो दुसऱ्याचे आरोग्य! म्हणून वाद्याच्या वैद्याला हत्यारांआधी कान लागतो.

आणि कान लागतो तो गिऱ्हाइकाचे बोलणे समजण्यासाठीसुद्धा. गवई दुकानात येतो तो माप घेऊन येत नाही. “उस्ताद, आवाज जरा बसल्यासारखा वाटतो,” एवढेच म्हणतो. “खुली हवी की गोल?” कारागीर विचारतो. खुली जवारी म्हणजे झंकार मोकळा, लखलखीत. गोल म्हणजे आवरलेला, मऊ. मग पट्टी कोणती, गळा पुरुषाचा की बाईचा, हे विचारून होते. तारा सैल होतात, घोडी निघते, कानशीचे दोन हात फिरतात, पुन्हा तारा चढतात, पुन्हा ऐकणे होते. “अजून थोडी उघडा,” गवई म्हणतो. पुन्हा सारे पहिल्यापासून. लाकूड वा शिंग एकदा जास्त घासले गेले की ते परत येत नाही. म्हणून हात घाई करीत नाही. तलवारीच्या पात्यावरून केसाएवढी धार उतरविणाऱ्या घराण्याला हा संयम वारशानेच लाभला होता.

गिऱ्हाईकही तसेच जाणते लाभले. पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस राहत. त्यांच्यापाशी शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर १८९६ मध्ये मिरज सोडून बाहेर पडले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे दरबारातून शाळेत आले, शाळेतून घरात आले. आणि घरोघर तंबोरा हवा झाला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब तर मिरजेचेच होऊन राहिले. त्यांचे गाणे म्हणजे एका स्वराचा ठाव घेणे. तंबोरा बेसूर असता ते उभेच राहिले नसते. जवारी लावण्यात खाँसाहेब स्वतः वाकबगार होते. १९३७ मध्ये प्रवासात त्यांचे देहावसान झाले. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले आहेत आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे गाण्याच्या बैठका होत आल्या आहेत.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि राजाश्रय सरला. त्याची जागा आकाशवाणी, संगीतविद्यालये व हौशी विद्यार्थी ह्यांनी घेतली. घोडीसाठी पूर्वी सांबरशिंग व हस्तिदंत वापरीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती वाट मिटत गेली आणि कारागिरांनी दुसरे पदार्थ हाताळून पाहिले. १९७९ मध्ये बंगळूरच्या जी. राज नारायण ह्यांनी विजेवर वाजणारा तंबोरा तयार केला. आज तर तो खिशातल्या फोनमध्ये येऊन बसला आहे. त्याला खुंटी पिळावी लागत नाही, त्याचा भोपळा फुटत नाही. सोय मोठी, ह्यात शंका नाही. पण त्याला “अजून थोडी उघडा” असे सांगता येत नाही. तो सर्वांना तोच एक झंकार देतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाच्या नावावर कायद्याचा शिक्का बसला, हे उत्तमच झाले. परंतु शिक्का नावाला राखतो; हाताला राखावयाचे तर त्या हाताला काम लागते. जवारी पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. ती बापाच्या शेजारी बसून मुलाने ऐकावयाची असते, आणि बापापुढे कोणी वाद्य ठेवलेच नाही तर मुलाने ऐकावे काय?

तलवारी गेल्या तेव्हा शिकलगारांनी हार खाल्ली नाही, कारण दाराशी आलेले मोडके वाद्य त्यांनी परत पाठविले नाही. आता पाळी आपली आहे. पुष्कळ घरांच्या माळ्यावर आजोबांची सतार अथवा आत्याबाईंचा तंबोरा खोळीत पडून आहे; देवळातल्या वीणेची तार वर्षानुवर्षे मुकी आहे. दिवाळीची झाडलोट करताना ती खोळ उघडावी, भोपळ्यावरची धूळ पुसावी, आणि धाडहून असो की आणखी कोठून, वाद्य त्याच्या वैद्याकडे न्यावे. जाताना घरातल्या पोरासोरांनाही बरोबर घ्यावे. मुकी तार पहिल्यांदा बोलू लागते, तो क्षण त्यांनी आपल्या कानांनी ऐकलेला बरा.