निःशब्द आणि अचूक : वऱ्हाडांतील राखणीचीं हत्यारें

आजचें वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची प्राचीन राजधानी वत्सगुल्म. ती राजधानी लयास गेली, पुढें कित्येक राज्यें आलीं आणि गेलीं. परंतु जोंधळा निसवला कीं शेतांत जागल करावयाची, हा या भूमीचा नियम मात्र अबाधित राहिला. रानडुक्कर आणि रोही हे शेताचे शत्रु. वानर, उंदीर आणि कबुतर हे घराचे व कोठाराचे. या दोन शत्रूंसाठीं माणसानें जीं हत्यारें निवडलीं, त्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. शेतांत आवाज हेंच हत्यार असतें. माळ्यावर बसलेला जागल्या डबा बडवितो, हाळी देतो, गोफण फिरवितो. गोफणगुंडा लागला नाहीं तरी चालतें, पांखरांचा थवा उठला म्हणजे काम झालें. गांवांत याच्या उलट स्थिति. तेथें बार झाला कीं दावणीचीं जनावरें बिथरतात, पाळण्यांतलें मूल दचकून उठतें, आणि चुकलेली गोळी कोणाच्या अंगणांत पडेल याचा नेम नसतो. म्हणून घराजवळच्या हत्याराला दोन गुण अवश्य ठरले : तें निःशब्द असावें आणि अचूक असावें.

हे दोन्ही गुण या भागांतील फांसेपारध्यांनीं बंदुकीवांचून साधले होते. त्यांचा फांसा आवाज करीत नसे आणि वाटेनें जाणाऱ्या माणसाला इजाही करीत नसे. प्राण्याची वाट, त्याची वेळ आणि वाऱ्याची दिशा यांचें ज्ञान हाच त्यांचा नेम. अशा कसबी लोकांना इंग्रजी सत्तेच्या गुन्हेगार जमाती कायद्यानें जन्मतःच गुन्हेगार ठरविलें आणि तो डाग कायद्याच्या पुस्तकांतून पुसण्यास १९५२ साल उजाडावें लागलें, ही खेदाची गोष्ट होय.

बंदूक आली ती प्रथम तोड्याची व मागाहून ठासणीची. तिची नळी आंतून गुळगुळीत. दारू, बोळा आणि छर्रे ठासून बार काढला कीं छर्रे पसरत जात. पसरणारा छर्रा उडत्या पांखराला बरा, परंतु वस्तींत तोच घातक. शिवाय जळता बोळा कडब्याच्या गंजीवर अथवा गवती छपरावर पडला तर उंदरापेक्षां मोठें नुकसान व्हावयाचें. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत शस्त्रांचा कायदा झाला आणि हिंदी माणसाच्या हातांतील बंदूक परवान्याखालीं गेली. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानेंही परवाना ठेवला. मात्र खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा त्यांत स्पष्ट उल्लेख केला.

अचूकपणा आला तो नळींतील पेचदार आट्यांनीं. आट्यांतून निघालेली गोळी स्वतःभोवतीं फिरत सरळ जाते. १८८७ सालीं अमेरिकेंत ०.२२ इंच व्यासाचें लहान काडतूस निघालें आणि हलकी रायफल सामान्य शेतकऱ्याच्या आटोक्यांत आली. परंतु ती गोळी मैलाच्या आसपास जाऊं शकते. ज्या गांवांत घराला घर लागून आहे, तेथें हा गुण नव्हे, दोष आहे. आवाजाचेंही एक शास्त्र आहे. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४० मीटर वेगानें जातो. गोळी त्याहून वेगवान झाली कीं दारूच्या आवाजाखेरीज तिचा स्वतःचा कडाका ऐकूं येतो. १९०९ सालीं हायरम पर्सी मॅक्सिम यांनीं आवाज दाबणाऱ्या नळकांड्याचें पेटंट घेतलें, तरी हा दुसरा कडाका त्या नळकांड्यानें दबत नाहीं. आपल्या १९५९ च्या कायद्यानें तर असें नळकांडें अग्निशस्त्रांतच गणलें आहे.

यावर तोड म्हणून हवेच्या बंदुकीकडे पाहिलें जातें. ती नवी नाहीं. जिरार्दोनी यांची हवेची बंदूक अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्यांत होती. घरगुती वापराची, स्प्रिंगच्या जोरावर चालणारी बंदूक विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरांतून पसरली. तिचा छर्रा बहुधा ४.५ अथवा ५.५ मिलिमीटरचा. निवड करतांना वेगापेक्षां एकसारखेपणा महत्त्वाचा : दहा छर्रे एकाच ठिकाणीं पडतात कीं नाहीं, आणि लक्ष्यामागें छर्रा अडविणारी मातीची भिंत आहे कीं नाहीं, हें पाहावें. दगडावरून व टिनावरून छर्रा उसळतो. २०१६ च्या नियमांनीं २० जूलांहून अधिक जोराची हवेची बंदूकही परवान्याखालीं आणली आहे.

तथापि हत्यार हातीं असणें आणि मारण्याचा अधिकार असणें या दोन निराळ्या गोष्टी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें काळविटाला सर्वोच्च संरक्षण दिलें. वाशीम जिल्ह्यांतील कारंजा-सोहोळ अभयारण्य याच काळविटांचें. रोही, रानडुक्कर वा वानर यांनाही शासनाच्या अनुज्ञेवांचून मारतां येत नाहीं. उभें पीक एका रात्रींत लोळविलेलें पाहणाऱ्या शेतकऱ्यास हें कठोर वाटतें आणि त्याची व्यथा खरी आहे. म्हणूनच पंचनामा आणि नुकसानभरपाई वेळेवर होणें हें कायद्याच्या अब्रूचें काम ठरतें.

उरला उंदीर. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ यांनीं उंदरावरील पिसवांनीं तो पसरतो असें दाखविलें. मेलेल्या उंदराला सोडून पिसवा दुसरीकडे जातात. अर्थात् उंदीर टिपल्यानेंच घर सुरक्षित होत नाहीं. कणगी जमिनीपासून उंच ठेवणें, बिळें बुजविणें आणि धान्य झांकणें हे उपाय बंदुकीच्या आधींचे होत.

आणि या कामीं निसर्गानें एक नेमबाज पूर्वींच नेमून ठेवला आहे. गव्हाणी घुबडाच्या पिसांची झालर उडण्याचा आवाज होऊं देत नाहीं आणि त्याचे कान गडद अंधारांतही उंदराचें स्थान अचूक सांगतात. गव्हाणीचें नांव मिरविणाऱ्या या पक्ष्याला अशुभ समजून गांवोगांव दगड मारले जातात. ज्या कोठारावर तो बसतो, त्या कोठाराच्या धन्यानें तो दगड खालीं ठेवावा, यांतच त्याचें हित आहे.