बारा हजारांचा सरंजाम

मोखाडा-जव्हारच्या डोंगरांतून वाहणारी वाघ नदी पुढे दमणगंगेला मिळते. दमणगंगा नगर हवेलीतून, सिल्वासाजवळून, दमणला समुद्र गाठते. १९५४च्या पावसाळ्यापर्यंत या पाण्याच्या वाटेवर सत्ता तीनदा बदलत असे: वर भारत, मग पोर्तुगाल, मध्ये पुन्हा भारताचा पट्टा आणि मुखाशी परत पोर्तुगाल. दमणच्या पोर्तुगीज शिपायाला नगर हवेलीत जायचे तर परका मुलूख ओलांडावा लागे. तो बंदूक घेऊन ओलांडता येत होता का, आणि कोणत्या हक्काने? या प्रश्नाचा निकाल १९६०मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लागला. पण तो ज्या कागदांवर लागला त्यांतले सर्वांत जुने पुणे दरबाराचे होते. म्हणून वाचकाने निकालापासून नव्हे, कागदांपासून सुरुवात करावी.

त्याही आधीची एक पायरी जव्हारची आहे. जानेवारी १६६४मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराजांचे जव्हारजवळ शिरपामाळावर राजे विक्रमशहा मुकणे यांनी स्वागत केले आणि शिरपेच दिला, असे परंपरा सांगते. माळाच्या नावाचा उलगडा इतका चपखल बसतो की संशय येतो. नाव आधीचे की हकिगत, हे परंपरेला विचारून उपयोग नाही. १६७२ची घटना मात्र पक्की. जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले, विक्रमशहा मोगली मुलखात गेले आणि पाठोपाठ शेजारचे रामनगरचे राज्यही पडले. जव्हारात १७ लाखांचा खजिना सापडल्याचे जदुनाथ सरकार लिहितात. त्या धामधुमीत असे आकडे कसे फुगतात हे ठाऊक असल्याने मी तो जपूनच घेईन. खरा लाभ वाटेचा होता: कल्याणहून सुरतेकडे जाणारा डोंगरी रस्ता मोकळा झाला.

रामनगराबरोबर आणखी एक गोष्ट हाती आली, तीही कागदोपत्री. दमणच्या काही गावांबद्दल पोर्तुगीज रामनगरच्या राजाला महसुलाची चौथाई देत. त्यांच्या कागदांत हा राजा ‘चौथिया’ म्हणूनच ओळखला जातो. राज्य जिंकल्यावर महाराजांनी ही चौथ आपल्याकडे मागितली. डोंगरातल्या शेजाऱ्याने किनाऱ्यावरच्या गावांना उपद्रव देऊ नये म्हणून दिलेला हा वाटा होता. या भागातला शेजारधर्म तेव्हा असा रोख मोजला जाई.

शंभर वर्षांनी पैसा उलट दिशेने गेलेला दिसतो. १७३९मध्ये वसई गेल्यावर उत्तर कोकणात पोर्तुगिजांकडे दमण तेवढे उरले होते. १७७९च्या तहावर मराठ्यांच्या बाजूने ४ मे रोजी आणि पोर्तुगिजांच्या बाजूने १७ डिसेंबरला शिक्कामोर्तब झाले. त्याच्या सतराव्या कलमात दमणलगतच्या गावांतून वर्षाला १२,००० रुपयांचे उत्पन्न पोर्तुगिजांना द्यायचे ठरले. तारीख बोलकी आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत वडगावला इंग्रजांचा पाडाव झाला होता आणि युद्ध संपलेले नव्हते. अशा वेळी नाना फडणिसांना दमण-गोव्याकडचा शेजारी इंग्रजांच्या गोटात जायला नको होता, हा माझा अंदाज. तारखांचा मेळ त्याला आधार देतो, पुरावा देत नाही.

ही गावे, म्हणजे नगर हवेली आणि दादरा, प्रत्यक्ष नेमून देणाऱ्या सनदा १७८३ आणि १७८५च्या. हेगमध्ये सगळा खल यांवर झाला. पोर्तुगालचे म्हणणे होते की तहाने आणि सनदांनी गावांचे सार्वभौमत्वच मिळाले, आणि सार्वभौमत्व आले म्हणजे तिथवर जाण्याची वाट ओघानेच आली. न्यायालयापुढे तहाच्या एकाहून अधिक संहिता होत्या आणि त्यांचा मजकूर सारखा नव्हता. न्यायाधीशांनी मग दप्तरातला अभ्यासक करतो तेच केले: त्याच दरबाराचे इतर तह काढून पाहिले. मराठ्यांना मुलूख खरोखरच तोडून द्यायचा असे तेव्हा तो कायमचा दिल्याचे ते स्पष्ट लिहीत. इथे तसे काही नव्हते. सनदांत आणि त्यांच्या जोडकागदांत होती ती जहागीर, सरंजाम. सरंजाम म्हणजे उत्पन्नाचा हक्क. मुलूख देणाऱ्याचाच राहतो. सरंजामाचा अर्थ मुलूख तोडून देणे असा लागल्याचे एकही उदाहरण न्यायालयापुढे आले नाही.

निकालातला मला सर्वांत आवडणारा भाग यापुढचा आहे. गावांत बंड झाले तर ते मोडण्याचा अधिकार पोर्तुगिजांना दिला होता. पोर्तुगालने हाच सार्वभौमत्वाचा पुरावा म्हणून पुढे केला. न्यायालयाने तो उलटा वाचला. मुलूख द्यायचाच असता तर नव्या धन्याला स्वतःच्या घरातले बंड मोडायची परवानगी लिहून द्यायची गरज काय? परवानगी लिहिली, म्हणजे धनी दुसरा होता. पेशवाईत गावेही मराठ्यांची आणि मधली वाटही मराठ्यांची. तेव्हा वाटेच्या हक्काचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

इथे भारताची बाजू जिंकली असे वाटते. तसे झाले नाही. पेशवाई गेल्यावर इंग्रजांना या गावांत पोर्तुगिजांचा पूर्ण अंमल दिसला, आणि मराठ्यांचे वारस म्हणून त्यांनी गावांवर हक्क सांगितला नाही. सरंजामाचे राज्य कोणत्या दिवशी झाले ते दाखवणारी एकही तारीख नाही. ते न बोलण्यातून झाले. इंग्रजांनी आणि पुढे भारतानेही ही सत्ता अप्रत्यक्षपणे मान्य केली, असे न्यायालयाने ठरवले. आपल्याकडे निकाल सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो. तो गाळू नये.

उरली बंदूक. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाचे अठरावे कलम असे: पूर्वीच्या तहांतली कारणे, परस्पर मदत किंवा रीतसर विनंती यांखेरीज एकाच्या फौजेने दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये. डिसेंबर १८९०मध्ये मुंबई सरकारने तक्रार केली की पोर्तुगीज नोकरीतली सशस्त्र माणसे विनंतीवाचून पारडी तालुक्यातून दमण-नगर हवेली ये-जा करतात. २२ डिसेंबरला पोर्तुगीज हिंदुस्थानच्या गव्हर्नर जनरलने उत्तर पाठवले: आमचे सैनिक पूर्वपरवानगीशिवाय ब्रिटिश हद्द कधीच ओलांडत नाहीत, आणि शतकानुशतके हीच रीत आहे. लिहिणाऱ्याला वेळ मारून न्यायची होती, असे मला वाटते. पण रागावलेल्या शेजाऱ्याला शांत करायला लिहिलेले हे वाक्य सत्तर वर्षांनी त्याच्याच सरकारविरुद्ध वाचले गेले. परवानगी लागते असे ज्याने स्वतः कबूल केले, त्याला हक्क कसा मागता येईल?

तह १८९२मध्ये संपला, रीत चालू राहिली. पोलिसांसाठी १९१३, १९२० आणि १९४०मध्ये करार झाले. १९४०चा करार असा: दहापर्यंत सशस्त्र पोलीस गेले तर जाऊन आल्यावर २४ तासांत कळवावे, त्याहून अधिक असतील तर आधी संमती घ्यावी. दहा माणसांवर सार्वभौमत्वाचा काटा येऊन थांबलेला हा कागद रुक्ष आहे, म्हणूनच त्यावर भरवसा ठेवावा.

१२ एप्रिल १९६०च्या निकालात सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी १९५४मध्ये पोर्तुगालला वाटेचा हक्क होता, पण भारताच्या नियंत्रणाखाली, असे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांसाठी हक्क नव्हता. इथे मते पडली ८ विरुद्ध ७. दादरा पडल्यावर भारताने वाट रोखली, त्यात काही चुकले नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी.

या सगळ्याच्या सहा वर्षे आधीच जमिनीवरचा निकाल लागला होता. २१-२२ जुलै १९५४च्या रात्री दादरा, २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून गेले. सिल्वासा घेणाऱ्या आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या तुकड्यांत गायक सुधीर फडके होते. त्यांच्या साथीदारांच्या आठवणींत पाऊस आणि चिखल भरपूर आहे, वेळा मात्र एकमेकींशी जुळत नाहीत. दमणहून कुमक आली नाही. वाट बंद होती. सिल्वासाचा प्रशासक कॅप्टन फिदाल्गो खानवेलच्या जंगलाकडे सरकला आणि ११ ऑगस्टला सुमारे दीडशे पोलिसांसह हद्द ओलांडून उधवा इथे भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. उधवा आजच्या पालघर जिल्ह्यात, तलासरी तालुक्यात आहे. १९४०च्या करारातली दहाची मर्यादा त्या दिवशी मोडली गेली. त्याबद्दल तक्रारीचे पत्र कोणी लिहिले नाही.