छातीचा फोटो आणि थुंकीची डबी

७ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणातील पंचकुला येथून शंभर दिवसांच्या क्षयरोग-शोध मोहिमेला प्रारंभ झाला. ३४७ जिल्ह्यांत चाललेल्या या मोहिमेत एका उपकरणाची विशेष चर्चा झाली : हातात धरता येणारे, बॅटरीवर चालणारे क्ष-किरण यंत्र. रुग्णाने क्ष-किरण विभागाकडे यावे, ही रुग्णालयांची जुनी रीत. आता तो विभागच पिशवीत बसून रुग्णाच्या अंगणात आला, असे वर्णन कोणी केले तर ते फारसे चुकीचे नव्हे. मात्र यंत्र घेऊन गावोगाव जाण्याची कल्पना मुळीच नवी नाही. भारताने ती सत्तर वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आणली होती आणि नंतर, पूर्ण विचारान्ती, बाजूला ठेवली होती. ती का सोडली आणि पुन्हा का उचलली, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना हे किरण गवसले. त्यांचे स्वरूप अज्ञात, म्हणून बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांना मिळाले. मराठीत ते 'क्ष' झाले. (ज्या व्याधीसाठी आपल्याकडे हे किरण सर्वाधिक वापरले गेले, तिच्याही नावाचे पहिले अक्षर तेच, हा निव्वळ योगायोग.) त्यानंतर काही वर्षांतच कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी स्वतः यंत्र जुळवले आणि डॉ. नीलरतन सरकार यांच्या रुग्णांच्या अस्थिभंगाची तपासणी त्यावर होऊ लागली. हाडे प्रथम दिसली हे स्वाभाविकच होते. फुप्फुसाचे महत्त्व नंतर उमगले. हवेने भरलेले निरोगी फुप्फुस किरणांना फारसे अडवत नाही, त्यामुळे फिल्मवर ते काळे उमटते. रोगाने घट्ट झालेला भाग किरण अडवतो आणि तेथे पांढुरकी छाया पडते. रुग्णाला खोकला सुरू होण्यापूर्वीही ती छाया दिसू शकते. या लेखाचा सारा विषय या एका वाक्यात सामावला आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर परिस्थिती काय होती? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने देशात सुमारे २५ लाख क्षयरोगी आणि वर्षाला सुमारे ५ लाख मृत्यू असा अंदाज दिला. त्यांच्यासाठी उपलब्ध खाटा होत्या सुमारे ६,०००. हा अंदाजच होता, कारण मोजणी कोणी केलेली नव्हती. क्षय हा गिरण्यांचा, चाळींचा, दाट वस्तीच्या शहरांचा रोग आहे आणि खेडी बऱ्याच अंशी सुरक्षित आहेत, असा समज तेव्हा रूढ होता.

मोजणीचे साधन ब्राझीलमधून आले. १९३६ साली रिओ द जानेरो येथे मानुएल द आब्रेऊ यांनी एक सुटसुटीत युक्ती काढली : छातीएवढी मोठी, महागडी फिल्म वापरायची नाही, किरणांनी उजळलेल्या पडद्यावरची प्रतिमा साध्या कॅमेऱ्याने छोट्या फिल्मच्या गुंडाळीवर टिपायची. एकामागून एक माणूस यंत्रासमोर उभा करायचा, श्वास रोखायला सांगायचे आणि पुढच्याला बोलवायचे. या पद्धतीत रुग्णाला मिळणारी किरणांची मात्रा नेहमीच्या छायाचित्रापेक्षा जास्त होती, हा तिचा दोष. परंतु खर्च एवढा उतरला की शेकडो निरोगी दिसणाऱ्या माणसांची तपासणी प्रथमच शक्य झाली.

मदनपल्ली येथे डॉ. फ्रिमोट-मोलर यांनी १९४८ नंतर आधी शहराची आणि मग भोवतालच्या खेड्यांची अशी पाहणी केली. पाठोपाठ १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय नमुना पाहणी हाती घेतली. क्ष-किरण यंत्रे वाहनांवर चढली, शहरे, गावे व खेडी यांतून फिरली. वीज नसलेल्या गावी जनित्र बरोबर न्यावे लागे. मराठीत ज्याला आजही 'छातीचा फोटो' म्हणतात, तो लक्षावधी ग्रामस्थांनी आयुष्यात प्रथमच काढला असेल. निष्कर्षांनी जुना समज मोडीत काढला. रोग खेड्यांत शहरांइतकाच होता. थुंकीत जंतू आढळणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या भागांत हजारी सुमारे २ ते ८ होते. आणि बहुसंख्य भारतीय खेड्यांत राहत असल्याने बहुसंख्य क्षयरोगीही तेथेच होते, जेथे क्ष-किरण विभाग असलेले रुग्णालय नव्हते.

मग तीच वाहने पुढे सतत फिरत का राहिली नाहीत? पैसा हे एक उत्तर. परंतु ते पुरेसे नाही. छाया क्षयाचीच आहे हे फिल्म सांगत नाही. जुना व्रण, न्यूमोनिया, अर्बुद यांचीही छाया पडते. १९४७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर तज्ज्ञांनाच ओशाळे केले : त्याच त्या फिल्म पाहून त्यांचे आपसांत एकमत होईना आणि काही काळाने तीच फिल्म पुन्हा दिली असता स्वतःशीही होईना. याउलट सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले की वाद संपतो; शिवाय जे रुग्ण इतरांना संसर्ग देतात, नेमके तेच त्यातून हाती लागतात.

निर्णायक पुरावा मात्र समाजशास्त्रातून आला. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील क्षयरोग्यांशी त्यांच्या गावी जाऊन बोलण्याचा साधा उद्योग केला. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार सुमारे ९५ टक्के रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि निम्म्याहून अधिक जण उपचारासाठी धडपडलेही होते. दवाखान्याने त्यांना ओळखले नव्हते. खोकल्याचे औषध घेऊन ते परतले होते. जो रुग्ण दारात येऊन परत जातो, त्याला शोधायला वाहन कशाला पाठवायचे? त्याची थुंकी तपासा. त्याआधी मद्रासच्या अभ्यासाने घरी राहून घेतलेले उपचार आरोग्यधामातील उपचारांच्या तोडीचे ठरतात, हे दाखवून दिलेच होते. १९६२ साली सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम या विचारावर उभा राहिला : जिल्हा केंद्रात क्ष-किरण यंत्र, खालच्या दवाखान्यांत सूक्ष्मदर्शक आणि थुंकीची डबी.

त्या काळाच्या साधनांत याहून शहाणा निर्णय घेता आला असता, असे मला वाटत नाही. चूक झाली ती पुढे. साधनांच्या टंचाईतून जन्मलेली तडजोड हळूहळू शास्त्रीय सिद्धान्तासारखी मानली जाऊ लागली. सूक्ष्मदर्शकाला जंतू दिसण्यासाठी थुंकीच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ते साधारणपणे ५ ते १० हजार असावे लागतात. त्याहून कमी असतील तर अहवाल 'निरंक'. ज्याला खोकलाच नाही, त्याच्यापर्यंत तर डबी जातच नाही.

हा हिशेब मांडला गेला तो २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय प्रादुर्भाव पाहणीत, म्हणजे पहिल्या पाहणीनंतर सहा दशकांनी. १५ वर्षांवरील लोकसंख्येत दर लाखामागे ३१६ जणांना जंतुसिद्ध फुप्फुसाचा क्षय आढळला. त्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण छातीचा फोटो काढला नसता तर निसटले असते. शंभरातील बेचाळीस! आणखी एक आकडा बॅनर्जी-अँडरसन यांच्या निबंधाशेजारी ठेवून वाचावा : लक्षणे असणाऱ्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक उपचारासाठी कोठेच गेले नव्हते. दोन्ही पाहण्यांची व्याख्या आणि पद्धत वेगळी आहे, सरळ तुलना करू नये. तरीही रुग्ण आपण होऊन येईल, हा जुना आधार डळमळीत झाला आहे, एवढे निश्चित.

दरम्यान यंत्रही बदलले. फिल्म, अंधारखोली, डेव्हलपर, फिक्सर, ओल्या फिल्म वाळत टाकण्याचे चिमटे, हे सारे डिजिटल शोधपटलाने इतिहासजमा केले. छाया वाचण्यातील मतभेदांवर संगणकीय वाचनाचा उपाय आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीसाठी त्यास मान्यता दिली आणि त्यासाठी तपासलेल्या प्रणालींत मुंबईतील 'क्युअर डॉट एआय' या कंपनीचीही एक होती. ही प्रणाली निदान सांगत नाही, संशयाचा गुणांक देते. तो किती आला म्हणजे पुढील चाचणीला पाठवायचे, हे माणसांनीच ठरवायचे असते. उंबरठा खाली ठेवला तर चाचण्यांचा खर्च वाढतो, वर नेला तर रुग्ण निसटतात.

पुढील चाचणी म्हणजे जंतूंच्या जनुकीय द्रव्याचा शोध. गोव्यातील 'मोलबायो' कंपनीचे 'ट्रूनॅट' यंत्र हे काम तालुक्याच्या पातळीवर करू शकते. मात्र त्यालाही नमुना लागतो तो थुंकीचाच. फोटोत छाया दिसलेल्या पण खोकला नसलेल्या माणसाच्या हाती आरोग्यसेविका डबी देते, खोल श्वास घेऊन छातीतून बेडका काढायला सांगते. तो प्रामाणिकपणे प्रयत्न करतो, आणि पुष्कळदा डबीत जमते ती नुसती लाळ.